मुठीत मावणारी बॅटरी

आमच्या घरात दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची. शेजारची चूल पेटायची तेव्हा आमची ताटं घासून पालथी पडलेली असायची. नवीन जालन्यात याचं कुणाला नवल नव्हतं, कारण आमच्या गल्लीतली अर्धी घरं राजस्थानातून पिढ्यांमागं आलेल्या जैनांची, आणि ती माणसं सूर्य बुडाला की तोंडात दाणा घालत नसत. नवल असलंच तर एवढंच, की आम्ही जैन नव्हतो. आम्ही पिंपळगाव रेणुकाईकडचे, भाकरी-ठेच्याची माणसं. रानात काम करणारा माणूस अंधार पडल्यावर घरी येतो, हातपाय धुतो आणि मग जेवतो, ही आमची रीत. पण माझ्या वडिलांनी, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, मी पाचवी-सहावीत असताना एकाएकी फर्मान काढलं की आजपासून सांजेच्या आधी जेवायचं. का, तर पोटाला बरं असतं. आमच्या आडतीचे जैन शेठजी सत्तरीचे झाले तरी कसे ताठ चालतात, बघा.

आई हसायची. भांडी घासताना शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "आमचे ह्ये शेठच्या दुकानात बसून बसून जैन व्हायले बाई. उद्या कांदा-लसूण सोडला म्हंजे मी येसराच्या आमटीत काय घालू, माती?" आण्णा मात्र कांदा-लसूण काही सोडत नव्हते. लसणाचा ठेचा त्यांना रोज लागायचा, आणि तोही बोटानं चाटून. मी शाळेत हुशार म्हणून मिरवायची, पण ज्या माणसाला लसूण सुटत नाही त्याला सूर्य मावळायची एवढी धास्ती का, हा साधा प्रश्न मला सहा वर्षांत एकदाही पडला नाही. घरातल्या माणसाकडं आपण फार कमी बघतो, हे मला आता या वयात कळतंय. तेव्हा सांगितलं असतं तर मी सांगणाऱ्याशी भांडले असते.

ते जेवण अजून डोळ्यांपुढं आहे. पश्चिमेच्या खिडकीतून तिरपं ऊन यायचं आणि आण्णांचं ताट बरोबर त्या उन्हात मांडलेलं असायचं. भाकरी उजवीकडं, ठेचा वर डाव्या कोपऱ्याला, वरण वाटीत, आणि पाण्याचा तांब्या उजव्या गुडघ्याच्या पुढं वीतभर. कधी मी पान वाढलं आणि ठेचा इकडचा तिकडं केला की आई डोळे वटारायची. मला वाटायचं, काय ही शिस्त! बाहेर स्टेशनात मालगाडी शंटिंग करत असायची, तिच्या डब्यांचा धडधड आवाज एकामागून एक येत येत लांब जायचा, आणि आण्णा घास थांबवून म्हणायचे, "परतूरची सरकी भरलेली दिसती. जड वाजून राह्यली." आवाजावरून माल ओळखणारा बाप म्हणून मला त्यांचा केवढा अभिमान! ते तसं का ओळखतात, हा दुसरा प्रश्नही मला पडला नाही.

आण्णा माणकशेठच्या आडतीवर माल परखायचे. म्हणजे असं, की शेतकऱ्याचं धान्य आलं की पोत्यात लोखंडी टोकदार नळी खुपसायची, मूठभर दाणे तळहातावर घ्यायचे आणि सांगायचं, हा माल कसा आहे. शेठजी दूरच्या व्यापाऱ्यांना माल पाठवायचे तो आण्णांच्या एका शब्दावर. आण्णांनी "बराबर" म्हटलं की पोतं शिवलं जायचं. "थांबा" म्हटलं की शेतकऱ्यानं कितीही शपथा घेतल्या तरी पोतं बाजूला. बाजारात म्हणायचे, किसनरावचा दात लागला म्हंजे सरकारी शिक्का लागला. ते दाणा खरोखरच दाताखाली धरायचे. वाळलेला दाणा कट्ट वाजतो, ओला दबतो. मग कोपरापर्यंत हात पोत्यात घालायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. लोकांना वाटायचं, काय ध्यान लावतात! गोदाम म्हणजे पत्र्याचं, खिडकी नावाला नाही, भरदुपारीसुद्धा आत सांजच असायची.

मी अकरावीत होते तेव्हाची गोष्ट. शेठजींच्या दोन नातींना मी मराठीची शिकवणी द्यायची. आडतीच्या मागंच त्यांचं घर, तिथल्या आतल्या खोलीत आमची शिकवणी चालायची. हिवाळ्याचे दिवस होते. एके दिवशी ट्रक उशिरा आला म्हणून दुकान नेहमीच्या वेळेला उठलं नाही. एरवी शेठजींचं घर जेवायला उठायचं म्हणून आडतही दिवस असतानाच थांबायची, आणि आण्णा उजेडात घरी यायचे. त्या दिवशी मी शिकवणी संपवून गोदामाच्या बोळीतून निघाले तेव्हा झाकड, म्हणजे तिन्हीसांजेचा अंधार, पडली होती. पुढून आण्णा येताना दिसले. एक हात भिंतीला, पावलं मोजून टाकलेली, मान थोडी वाकडी, कान पुढं करून ऐकावं तशी. बोळीत एक बैलगाडी सोडून ठेवलेली होती. तिची दांडी त्यांच्या नडगीवर अशी बसली की त्या आवाजानं मीच मनातल्या मनात "आई गं" म्हणाले. गाडीवान ओरडला, "ओ काका, डोळे हायत का बटनं?" आण्णा हसले. "ध्यान नव्हतं बाबा," म्हणाले. आणि ते दोन पावलं पुढं येऊन माझ्यासमोर उभे राहिले. हाताच्या अंतरावर. ते माझ्याकडं बघत होते आणि मी त्यांना दिसत नव्हते.

हाक मारावी वाटली, पण मारली नाही. आत्ता हाक मारली तर त्यांना कळेल की मला कळलं, एवढंच डोक्यात होतं. मी भिंतीला चिकटून उभी राहिले, त्यांना जाऊ दिलं आणि मग त्यांच्या मागं मागं, चपला हातात घेऊन, घरापर्यंत गेले. स्वतःच्या बापाच्या मागं चोरासारखी! घरी आल्यावर नडगीतून रक्त येत होतं. "घसरलो," म्हणाले. आईनं हळद दाबली आणि काही विचारलं नाही.

त्यांचा डोळा लागल्यावर मी आईला धरलं. ती कोठीच्या आड धान्य पाखडत होती. मी म्हणाले, "आई, आण्णांना दिसत न्हाई." ती सूप हलवत राहिली. मग म्हणाली, "दिवसा दिसतं. अंधारात दिसत न्हाई. सा वर्सं झाले."

"तुला सांगितलं त्यांनी?"

"त्यांनी सांगितलं न्हाई अन् मी इचारलं न्हाई. एका सांजेला ताटात ठेचा हुडकत होते, बोटानं. मी समजले. दुसऱ्या दिवशी म्हणले, आजपासून लवकर जेवायचं. मी म्हणलं, बरं."

"मग तू त्यांना जैन जैन म्हणून कामून चिडवती?"

"मंग गल्लीला काय सांगू? आंधळा हाय म्हणून?" ती पहिल्यांदाच आवाज चढवून बोलली आणि लगेच खाली आली. "पोरी, ज्याचा धंदाच नजरेचा, त्याची नजर गेली म्हणल्यावर कोण उभं करील? शेठ भला माणूस हाय, पण घेणारा बी भला असला पायजे ना. तू बी गप ऱ्हाय. पोट कसं बी भरन, पण तुझ्या आण्णांची मान जाईल." आणि ती रडली. आईला मी फार कमी वेळा रडताना पाहिलं, त्यात ही एक.

गप राहणं माझ्या स्वभावात नव्हतं. अजून नाही, विचारा कुणालाही. मी आठ दिवस विचार केला आणि ठरवलं की आण्णांना बॅटरी घेऊन द्यायची. आमच्याकडं टॉर्चला बॅटरीच म्हणतात. पण साधीसुधी नाही. गावाकडं चुलत्याकडं होती तशी हातभर लांबीची घेऊन आण्णा बाजारातून निघाले असते तर उजेड त्यांच्या पायावर कमी आणि त्यांच्या गुपितावर जास्त पडला असता. आपल्याला पाहिजे ती अशी, की रोज अंगावर असली तरी कुणाला दिसू नये. काढली तरी मुठीत राहावी. शिकवणीचे पैसे साठवलेले होतेच. अडचण एकच, आण्णांच्या बंडीचा आतला खिसा नेमका केवढा, हे मला माहीत नव्हतं. म्हणून मी दोरीवरची वाळलेली बंडी घडी घालून दप्तरात टाकली आणि स्टेशनरोडला गुलाबकाकांच्या दुकानात गेले.

गुलाबकाका घड्याळं दुरुस्त करायचे आणि बॅटऱ्या, कंदील, स्टो विकायचे. राजस्थानी माणूस, पण मराठी आमच्यापेक्षा ठसक्यात. मी बॅटरी मागितल्यावर त्यांनी सगळ्यात मोठी काढली. "तीन सेलची घे. रानात डुक्कर उभा ऱ्हायचा न्हाई." मी म्हणाले, डुक्कर नाही, बारकी पाहिजे. मग दोन सेलची पत्र्याची आली. मग लाल प्लास्टिकची. मी दप्तरातून बंडी काढली, काउंटरवर पसरली आणि एकेक बॅटरी तिच्या खिशात घालून बघायला लागले. गुलाबकाकांनी डोळ्याला लावलेलं भिंग वर केलं. "पोरी, तू बॅटरी घ्यायला आली का बंडी इकायला?"

मी लक्ष दिलं नाही. दोन सेलची घातली की बंडी एका बाजूला लोंबायची. लाल प्लास्टिकची हलकी होती, पण तिचं बटण असं कडक की दाबलं की अर्ध्या बाजाराला ऐकू जावं. डॉक्टरकडं असते तशी पेनासारखी एक निघाली. दिसायला देखणी, खिशाला अडकवायची पट्टीसुद्धा होती. मी ती जवळजवळ घेतलीच होती. पण पेन खिशाला लावून हिंडणारा माणूस बाजारात सहीला बोलावला जातो, आणि आण्णांना सही तेवढी येत होती, बाकी नाही. शिवाय तिचा उजेड रुपयाएवढा. पायापुढचा खड्डा दिसायला रुपयाएवढा उजेड काय कामाचा? शेवटी काकांनी शेल्फाच्या मागून एक डबी काढली. चपटी, पितळेची, काडेपेटीहून जरा लांब. आत दोन बारीक सेल, कुठल्याही किराणा दुकानात मिळणारे. बटण बोटानं सरकवायचं, आवाज नाही, आणि खिशात आपोआप लागू नये म्हणून त्याला खाच. मी ती मुठीत धरली. मूठ मिटली. बंडीत घातली, वरून हात फिरवला, काही लागेना. खाली मांडी घालून बसले, पोटाला टोचते का बघितलं. गुलाबकाका आता हसायचेही थांबले होते. "किसके लिए ले रही, बेटा?" त्यांनी हळूच विचारलं. मी म्हणाले, "आमच्या घरात लाइट जाती सारखी." त्यांनी बंडीकडं बघितलं आणि पुढं काही विचारलं नाही. सेल मात्र नवे घालून दिले.

परवा माझ्या जावयानं मोबाईलवर मला बॅटऱ्या दाखवल्या. आता तर शंभर तऱ्हा. चार्ज होणाऱ्या, किल्लीच्या कडीला लावायच्या, पाण्यात पडल्या तरी चालणाऱ्या, आणि सगळ्यांचा उजेड दुधासारखा पांढरा. तो म्हणाला, आई, यात एवढं काय बघता, कुठलीही घ्या. आमच्या त्या पितळी डबीचा उजेड पिवळा होता. बल्बच तसे असायचे तेव्हा. पांढरा असता तर पुढचं काही घडलं नसतं, आणि कदाचित मला माझा बाप पुरता कळलाही नसता.

आण्णांना बॅटरी देताना मी खोटं बोलले. "गोदामाच्या बोळीत इंचूकाटा निघतो म्हणतेत. जवळ असू द्या." त्यांनी डबी उलटीपालटी केली, बोटांनी तिचे काठ तपासले, जशी ज्वारी तपासायचे तशी. मग माझ्याकडं बघितलं. उजेड होता, म्हणून मी दिसत होते. मी खोटं बोलते हे त्यांना कळलं, त्यांना कळलं हे मला कळलं, आणि दोघांनीही इंचूकाट्यावर निभावून नेलं. "चांगली हाय, माय," म्हणाले. आमच्याकडं बाप लेकीला माय म्हणतो. मग उठून कोठीच्या मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात गेले, पाठ करून उभे राहिले आणि बराच वेळ तिथंच. भिंतीवर पिवळा ठिपका हलत होता. "ह्या कोपऱ्यात उंदरानं पोतं कुरतडलंय की गं," ते आईला म्हणाले. आवाजात असा हर्ष, जसं काही उंदरानं सोनं आणून ठेवलं होतं.

तिथून पुढं मला खुळ लागलं. रोज ते घरी आले की माझा पहिला प्रश्न, "बॅटरी वापरली का?" ते म्हणायचे, "हाव माय, लई कामाला आली." एखाद्या दिवशी त्यांनी नुसती मान हलवली की माझा चेहरा पडायचा. "न्हाई वापरली ना? पैसे वाया गेले बघा." मग ते घाईनं म्हणायचे, "न्हाई न्हाई, वापरली. आज तर गोदामात बी वापरली." मला आनंद व्हायचा. गोदामात ती कशाला वापरायची, तिथं तर हात आणि दात आहेत, असं मी विचारायला पाहिजे होतं. मला फक्त हो ऐकायचं होतं. आज आठवलं की माझं मला थोबाडीत मारावं वाटतं.

होळी झाली आणि शाळूची ज्वारी यायला लागली. त्या साली काढणीच्या ऐन तोंडावर अवकाळी येऊन गेला. भोकरदनकडची काही ज्वारी खळ्यावर भिजली. एका मोठ्या बागायतदाराची पोती आण्णांनी परखली, "बराबर" म्हटलं, शेठजींनी ती लांबच्या जुन्या व्यापाऱ्याला पाठवली. आठ-दहा दिवसांनी सगळा माल परत आला. मी आतल्या खोलीत नातींना शुद्धलेखन घालत होते. बाहेर पोतं आपटल्याचा आवाज झाला, आणि मग शेठजींचा. ते कधी ओरडत नसत, म्हणून त्या दिवशीचा आवाज ऐकून पोरी घाबरून माझ्याकडं बघायला लागल्या. मी दाराच्या फटीशी गेले.

शेठजींनी गादीच्या पांढऱ्या चादरीवर ज्वारी ओतली होती. ओसरीत स्वच्छ ऊन. त्या पांढऱ्यावर ज्वारी पिवळट, मेलेली दिसत होती, आणि तिचा कुबट वास माझ्यापर्यंत आला. आण्णा समोर उभे. टोपी हातात.

"किसन, हा माल तू बघितला?"

"बघितला शेठजी."

"दात लावला?"

"लावल्ता."

"मंग?"

"दाणा दबला."

"हात घातला पोत्यात?"

"घातल्ता. गार लागला."

"दाणा दबला, हाताला गार लागला, अन् तरी तू बराबर म्हणला? वीस साल झाले तुला माझ्याकडं. पैसा घेतला का कुणाचा? सांग, मी समजून घेईन. पण खरं सांग."

पैशाचं नाव काढल्यावर आण्णांची मान ताठ झाली. मग त्यांनी बंडीत हात घातला आणि ती डबी काढून चादरीवर ठेवली.

"शेठजी, मला अंधारात दिसत न्हाई. सा वर्सं झाले. तवापासून तुमच्या गोदामात मी दाणा डोळ्यानं बघितलाच न्हाई. बोटानं बघितला, दातानं बघितला, अन् कधी चुकलो न्हाई. ह्या येळेला ह्या बॅटरीनं बघितला. हिच्या उजेडात सगळं पिवळं दिसतं, पांढरं बी अन् खराब बी. हे माझ्या ध्यानात यायला पायजे होतं. न्हाई आलं."

"बोट खरं सांगून राह्यलं होतं," शेठजी म्हणाले, "अन् तू ह्या डबीचं ऐकलं? कामून?"

आण्णा हळू म्हणाले, "सा वर्सांनी दाणा दिसला, शेठजी. हातावर असा चमकला, मोत्यावाणी. बोट म्हणत होतं, ओला हाय. पण मला वाटलं, दिसून राह्यलं ते खोटं कसं असन?" आणि मग, "माझ्या लेकीनं आणली ती. रोज इचारती, वापरली का. तिला न्हाई म्हणणं जिवावर येतं."

मी दार उघडून बाहेर आले की दारच माझ्या भारानं उघडलं, आठवत नाही. मी रडत होते आणि रडत रडतच काहीतरी बडबडत होते, की चूक माझी आहे, मीच रोज विचारायची, त्यांना काही बोलू नका. आण्णांना तर मी तिथं आहे हे माहीतच नव्हतं. त्यांचा चेहरा मला बघून जसा झाला, तसा माल परत आला म्हणूनही झाला नव्हता. शेठजी म्हणाले, "पोरी, गप. मला ज्वारीचं दुःख न्हाई. ज्वारी कोंबड्यांना जाईल." मग आण्णांकडं वळून, "सा वर्सं माझ्यासंगं लपवलं तू. घरी जा आता." एवढंच बोलून ते आत निघून गेले.

तीन दिवस आण्णा घरी बसले. आई भाकऱ्या थापायची त्याचा तेवढा आवाज. मी माफी मागायला गेले की ते म्हणायचे, "तुझं काय चुकलं माय? तू दिवा दिला. दिवा पाय टाकायला असतो, दाणा परखायला न्हाई, ते मला कळायला पायजे होतं." याच्यानं मला आणखी रडू यायचं. आईनं गावाकडं चुलत्याच्या वाटणीत जाऊन राहायचं बोलणंही काढलं. माझं कॉलेज सुटणार हे उघडच होतं, पण ते मी कुणाला बोलून दाखवलं नाही. त्या वेळी पहिल्यांदा गप राहिले असेन.

चौथ्या दिवशी दुपारी शेठजी स्वतः आले. आमच्या घरी ते कधी आले नव्हते. आईची धांदल उडाली, पदर सावरू की सतरंजी टाकू. ते खाली बसले, उकळलेलं पाणी आहे का विचारून प्यायले आणि सरळ बोलले. "किसन, उद्यापासून ये. पण एक गोष्ट. लपवायचं बिलकुल न्हाई. त्या व्यापाऱ्याला मी लिहिलं, माझा माणूस डोळ्यानं न्हाई, हातानं माल बघतो, सा साल नुसत्या हातानंच बघितला, अन् एकदा डोळ्यानं बघायला गेला तर फसला. ज्याला पटन तो माल घील. बाजारालाही हेच सांगायचं. तूच सांगायचं, मी न्हाई."

आण्णा म्हणाले, "लोक हसतील शेठजी."

"हसतील. मंग?"

आई दाराआडून म्हणाली, "सा वर्सं मी गल्लीला हसवलंच की. मला काय झालं?" ती शेठजींसमोर बोलली याचाच आम्हाला धक्का. शेठजी हसले. आण्णा हसले नाहीत. हो म्हणाले, पण असं, की नाही म्हटलेलं बरं.

दुसऱ्या दिवशी ज्वारीचे ट्रक होते, दुकान उठायला उशीर होणार हे ठरलेलं. आईनं मला सांगितलं, जा, आण्णांना घेऊन ये. मी गेले तेव्हा झाकड पडत होती. आण्णा आडतीच्या पायरीवर उभे होते. मी काही न बोलता त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले, त्यांनी चाचपून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही निघालो. खरं सांगते, मला लाज वाटत होती. सतरा वर्षांची पोरगी, भर बाजारातून बापाला आंधळ्यासारखं घेऊन चालली. कुणाच्या नजरेला पडायच्या आत घर गाठावं म्हणून मी भराभरा चालत होते आणि आण्णा मागं ठेचकाळत होते. आडतीच्या तोंडाशीच टपरीवर समोरच्या दुकानातला एक माल परखणारा चहा पीत बसलेला. त्यानं हटकलंच. "काय किसनराव? लेकीच्या खांद्यावर हात? पाय मुरगळला का?"

सबब आयती चालून आली होती. मी हो म्हणायला तोंड उघडलं. आण्णांनी माझा खांदा दाबला.

"पाय बराबर हाय," ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण चहाच्या टपरीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढा होता. "मला दिवस मावळल्यावर दिसत न्हाई भाऊ. बरेच वर्सं झाले. लेक घरी घेऊन चालली."

तो माणूस कप हातात धरून तसाच बसला. कुणी हसलं नाही. हसले असते तरी मला ऐकू आलं नसतं, माझ्या कानात नुसता घणघणाट चालला होता. मी मान खाली घालून पुन्हा भराभरा निघाले, तेवढ्यात मागून खांदा हळूच ओढला गेला.

"हळू चाल की, माय," आण्णा म्हणाले. "आता कुणापासून लपायचं हाय?"